गच्चीवरील भांडवल

सार्वजनिक कार्य म्हटलें कीं वर्गणीची वही आलीच. वाचनालयासाठीं ती घेऊन आम्ही वर्षानुवर्षें दारोदार हिंडलों आहों. म्हणून मुंबईच्या गिरगांवांतील सात गृहिणींची गोष्ट वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. १५ मार्च १९५९ रोजीं त्यांनीं ८० रुपये उसने घेऊन एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशीं चार पुडे झाले. ‘लिज्जत’चा उगम तो हाच. देणगी घ्यावयाची नाहीं, तोटा आल्यास तोही वाटून घ्यावयाचा, हा त्यांचा दंडक. पीठ संस्थेंत मळावयाचें, गोळे घरीं नेऊन लाटावयाचे. पण लाटणारी ही मजूर नव्हे, मालकीण. पुढें अशा हजारों भगिनी झाल्या.

आमच्या सूनबाईनें असेंच कांहीं काढावयाचें म्हटलें, तेव्हां आम्हींच नाक मुरडलें होतें. “मामंजी, वर्गणी मागण्यांत कमीपणा नव्हता का?” असें तिनें विचारलें, आणि आम्ही निरुत्तर झालों.