उंच केलेली जीप आणि तिचे थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर

मोटारीच्या कांहीं भागांना लाभलेलीं नांवें त्यांच्या कामाशीं जुळत नाहींत. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा त्यांतलाच एक. 'धक्का शोषून घेणारा' असा या नांवाचा अर्थ. पण रस्त्याचा धक्का घेते ती स्प्रिंग. जीपसारख्या जुन्या घडणीच्या गाडींत हें काम एकावर एक बसविलेले पोलादी कमानपाटे करतात. चाक दगडावर चढलें कीं पाटे वांकतात आणि धक्का पोटांत घालतात. मात्र घेतलेला धक्का ते स्वतःजवळ ठेवीत नाहींत. पुढच्याच क्षणीं तो परत करतात. गाडी वर उसळते, खालीं येते, पुन्हां उसळते. हें उसळणें एक-दोन हेलकाव्यांत थांबविणें, एवढेंच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचें काम. इंग्लंडांतील कारागीर त्याला 'डँपर' म्हणतात, तें नांव अधिक खरें आहे. आपल्याकडील गॅरेजांतून रूढ झालेला 'शॉकअप' हा शब्द मात्र कोणत्याच अर्थाच्या वाटेला जात नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् तो निरुपद्रवी आहे.

त्याची रचना कळावयास रंगपंचमीची पिचकारी आठवावी. दट्ट्या हळू लोटला तर पाणी सहज निघतें. जोरानें लोटला तर हाताला अडसर जाणवतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्यें पाण्याच्या ऐवजीं तेल असतें, आणि तें बाहेर न पडतां दट्ट्यांतील बारीक छिद्रांतून व झडपांतून इकडून तिकडे जातें. नळीचें एक टोंक चॅसीला जोडलेलें, दुसरें चाकाच्या आंसाला. चाक जितक्या वेगानें वरखालीं होईल तितका हा अडसर मोठा. चाक वर येतांना होणाऱ्या विरोधापेक्षां तें खालीं जातांना होणारा विरोध बहुधा जास्त ठेवलेला असतो. कारण पाट्यांनीं सांठविलेली शक्ति त्याच वेळीं आवरावयाची असते. ही शक्ति जाते कोठें? तिची उष्णता होते. खडबडीत वाटेवरून पंधरा-वीस मिनिटें धांवलेल्या गाडीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला हात लावावा, म्हणजे ही गोष्ट पुस्तकावांचून पटते. फार तापलें आणि घुसळलें गेलें कीं तेलाला फेंस येतो, आणि फेंसाळलेल्या तेलांतून दट्ट्या सहज सरकूं लागतो. हा दोष टाळण्यासाठीं पुढें नळीमध्यें नायट्रोजन वायु दाबून भरण्याची युक्ति निघाली. आज मिळणाऱ्या पुष्कळशा चांगल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरांत तो असतो.

१९४१ सालापासून अमेरिकन सैन्यासाठीं जी विलिज जीप कारखान्यांतून बाहेर पडूं लागली, तिच्या चारही चाकांवर कमानपाटे आणि नळीच्या आकाराचे तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. महायुद्ध संपल्यावर १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या महिंद्र कंपनीनें ही घडण भारतांत आणली, आणि थोड्याफार फरकानें ती पुढें कित्येक दशकें टिकली. सह्याद्रीच्या आडवाटांनीं हौसेनें हिंडणाऱ्या मंडळींपाशीं अशा जुन्या जीप आजहि आहेत. मोठे टायर बसावेत, ओढ्यांतल्या धोंड्यांना गाडीचें पोट घांसूं नये, म्हणून त्या दोन-तीन इंच उंच करून घेतल्या जातात. कोणी अधिक बांकाचे पाटे घालतो, कोणी पाट्याच्या टोंकाचे शॅकल लांब करतो. (अशा फेरफारांपूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी अवश्य करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करूं देत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ही मर्यादा स्पष्ट सांगितली आहे.) पैसा पाट्यांवर आणि टायरांवर खर्च होतो; शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनेच राहतात, किंवा 'जीपचे' म्हणून दुकानांत जे मिळतील ते बसविले जातात. दुखण्याला आरंभ होतो तो येथें.

हें दुखणें केवळ बसणाऱ्याच्या पाठीचें असतें तर त्याची एवढी चर्चा करावयास नको होती. भोरकडून वरंधा घाट उतरून महाडकडे जाणारी एक उंच जीप डोळ्यांपुढें आणावी. वळणाच्या तोंडाशीं पावसानें रस्त्यावर लहान लहान लाटा उठविल्या आहेत. चालक ब्रेक लावतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेले असले तर चाक प्रत्येक लाटेवरून टुणकन् उडतें, आणि जमिनीपासून सुटलेलें चाक ब्रेकहि मानीत नाहीं व स्टिअरिंगहि मानीत नाहीं. ब्रेक उत्तम आहेत, टायर नवे आहेत, तरी गाडी वळणाबाहेर सरकत जाते. त्यांतून उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला. ती डुलूं लागली कीं सपाट मोटारीपेक्षां अधिक डुलते. मागच्या बांकावर मुलें बसलेलीं असतात, हें येथें विसरतां येत नाहीं.

दुखणें ओळखणें कठीण कां जातें? चष्म्याचा नंबर जसा महिन्यामहिन्यानें वाढतो आणि माणसाला वाटतें कीं छापणाराच हल्लीं फिकट छापतो, तसेंच हें. शॉक अ‍ॅब्सॉर्बर एका दिवसांत मरत नाहीं. तो रोज थोडा थोडा थकतो आणि चालकाचा हात त्याच्याशीं जुळवून घेतो. रोज चालविणाऱ्यापेक्षां वर्षांतून एकदां गाडींत बसणारा पाहुणाच लवकर म्हणतो, "जीप फार हिंदकळते हो!"

प्रथम डोळ्यांनीं पाहावें. नळीवर तेलाचा पुसट ओलावा असणें हा रोग नव्हे; दांड्याबरोबर तेलाचा सूक्ष्म थर बाहेर येतोच. परंतु तेलाचा ओघळ खालपर्यंत उतरला असेल आणि त्यावर धुळीचा चिकट लेप बसला असेल, तर आंतील सील गेलें असें समजावें. नळीला पडलेला पोचा, वांकलेला दांडा, चिरलेलें रबरी बुश आणि चॅसीवरील बैठकीच्या जोडाला गेलेली तडा याच वेळीं दिसतात. नंतर टायरावरून तळहात फिरवावा. थकलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळें चाक ठेंचत ठेंचत धांवतें व टायर जागोजागीं खोलगट झिजतो. डोळ्याला न दिसणारे हे खळगे हाताला लागतात.

गाडीचा कोपरा दाबून सोडावयाचा आणि ती किती वेळां उसळते तें मोजावयाचें, ही परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. लहान मोटारीच्या बाबतींत ती बरी. जीपच्या बाबतींत तिच्यावर विसंबणें म्हणजे आपलीच समजूत घालणें होय. कमानपाटे मुळांतच ताठ. एका माणसाच्या भारानें ते जेमतेम इंचभर वांकतात, आणि पाट्यांच्या परस्परांतील घर्षणानेंच गाडी स्थिर होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून ठेवला असला तरी ही परीक्षा कधीं कधीं उत्तीर्ण होते! त्यापेक्षां वर सांगितलेल्या उष्णतेची परीक्षा अधिक विश्वसनीय. वाईट रस्त्यावरून गाडी आणून लगेच चारही नळ्यांना हलकेच, जपून हात लावावा. एकाच आंसावरील दोहोंपैकीं जी थंड, ती काम करीत नाहीं. ती गरीब बिचारी शांत बसलेली असते आणि तिचा भार जोडीदारीण वाहत असते.

शेवटची परीक्षा शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढल्यावर. तो उभा धरून सावकाश ओढावा व दाबावा. विरोध सबंध हालचालीभर सारखा लागला पाहिजे. दिशा बदलतांना मध्येंच पोकळ अंतर लागलें तर तो गेला. मात्र हातानें कळतो तो पुरता मेलेला. अर्धा थकलेला हाताला फसवितो.

एका गोष्टीचा दोष मात्र शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या माथीं मारूं नये. उंच केलेल्या जीपचीं पुढचीं चाकें एखाद्या खड्ड्यानंतर थडथड कांपूं लागतात व स्टिअरिंग हातांत ठरत नाहीं. नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातल्यावर हें कांपणें कांहीं दिवस दबतेंहि. पण मूळ कारण बहुधा किंगपिनचे सैल बेअरिंग, झिजलेले टाय-रॉडचे सांधे, ढिले यू-बोल्ट किंवा लांब शॅकलमुळें पालटलेली पुढच्या आंसाची कलती बैठक यांत असतें. तें शोधल्याविना शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणें म्हणजे ताप आलेल्या माणसाची चादर बदलणें.

आतां मुख्य मुद्दा. थकलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जागीं तसाच नवा घातला कीं काम झालें, हा हिशेब मूळ उंचीच्या गाडीला लागू. उंच केलेल्या गाडींत जुनी लांबीच चुकीची ठरलेली असते, आणि पुष्कळदां शॉक अ‍ॅब्सॉर्बर अकालीं मेलेला असतो तो याच कारणानें. उदाहरणादाखल आंकडे घ्यावेत. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण मिटला असतां ११ इंच आणि पूर्ण उघडला असतां १७½ इंच लांब आहे, व गाडी स्थिर उभी असतांना तो १४ इंचांवर असे. गाडी २½ इंच उंच केली. आतां तो उभ्या उभ्याच १६½ इंचांवर ताणला गेला. उघडण्यास उरला अवघा एक इंच. चाक खड्ड्यांत उतरलें कीं दट्ट्या नळीच्या टोंकावर आपटणार, आणि आंसाचें सगळें वजन त्या बारीक दांड्याला लोंबणार. रोज अशा शेंकडों फांशीच्या शिक्षा झाल्यावर एके दिवशीं डोळा तुटतो किंवा चॅसीवरील बैठकच उखडते. याच्या उलट, घाबरून फार लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणला तर चाक वर येतांना चॅसीखालच्या रबरी ठोकळ्याला आंस टेकण्याआधींच तो पूर्ण मिटतो. मग ठोकळ्यानें घ्यावयाचा मार दांडा घेतो. सील फुटतें, दांडा वांकतो.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं गाडीखालीं जावें आणि मोजावें. जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून, एका बाजूचें चाक उतरणीच्या फळीवर चढवून आंस रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर आणावा. वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंतचें अंतर हें सर्वांत आंखूड माप. मग चॅसी उचलून चाक पूर्ण लोंबूं द्यावें. तें सर्वांत लांब माप. लोंबतांना ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं ना, हें त्याच वेळीं पाहावें, कारण शॉक अ‍ॅब्सॉर्बरपेक्षां ती तुटणें शतपटीनें वाईट. वरच्या गाडीचीं हीं मापें १३¼ आणि १९½ इंच निघालीं असें धरलें, तर मिटून १२½ व उघडून २०½ इंच होणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला योग्य. दोन्ही टोंकांना पाऊण ते एक इंच मोकळीक राहते, आणि गाडी उभी असतांना दट्ट्या बरोबर मध्यावर येतो. दोन्ही मापांत बसणारा नगच मिळत नसेल, तर रबरी ठोकळा थोडा खालीं आणणें हा उपाय आहे.

ताठपणाविषयीं एक भ्रम फार पसरलेला आहे. जितका ताठ तितका उत्तम, असें दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाइकाला तें पटतें. जड टायर घातले असतील तर थोडा अधिक विरोध हवा, हें खरें. पण हलक्या, रिकाम्या जीपला फार ताठ शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातला तर चाकाला खड्ड्यांत उतरण्यास वेळच मिळत नाहीं. तें वरच्या वर उडत राहतें, आणि थकलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरनें जें होत होतें तेंच नव्यानें होतें.

बदलण्याचें काम अवघड नाहीं. गंज तें अवघड करतो. आदल्या रात्रीं नटांवर गंज सोडविणारें तेल सोडून ठेवावें. सपाट जागेवर चाकांना उटी लावून गाडी उचलावी, चॅसीखालीं भक्कम घोड्या द्याव्यात आणि आंसाला जॅकचा आधार द्यावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. नट हटत नाहीं म्हणून शॉक अ‍ॅब्सॉर्बरजवळ गॅसची ज्योत नेणें हा जिवावरचा खेळ; बंद नळींतील तेल व वायु तापून ती फुटूं शकते. दांडा पक्कडींत धरूं नये, त्यावर उठलेला एक ओरखडाहि नवें सील कापीत जातो. एका आंसावरचे दोन्ही एकदम बदलावे. दुहेरी नळीचा नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आडवा पडून राहिलेला असतो व त्याच्या आंतल्या नळींत हवा शिरलेली असते. तो उभा धरून चार-सहा वेळां पूर्ण ओढावा व दाबावा, म्हणजे हवा निघून जाते. ज्या बुशांतून धातूच्या नळीवर बोल्ट आवळला जातो, ते बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळावे. लोंबत्या चाकानें आवळले तर रबर कायमचें पिळलेलें राहतें. हें सर्व कमानपाट्यांच्या जीपचें झालें. २०२० सालीं आलेल्या नव्या थारसारख्या गाडींत पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर दाबलेल्या गोल स्प्रिंगच्या आंत असतो. ती स्प्रिंग सोडविण्याचें काम घरीं करूं नये.

काम उरकल्यावर रबरी ठोकळ्याच्या खालच्या अंगाला शाडूचा एक ओला गोळा चिकटवून ठेवावा आणि नेहमींच्या खराब वाटेनें एक फेरी मारून यावें. गोळा चपटा झालेला आढळला तर आंस ठोकळ्यापर्यंत पोंचतो, म्हणजे लांबीचा हिशेब बरोबर आहे. गोळा जसाच्या तसा राहिला आणि चाक वर येतांना धातूचा खणकन् आवाज आला, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधींच मिटतो आहे. तो उतरवून पुन्हां मोजावें. दोनशें किलोमीटरनंतर सगळ्या नटांवर एकदां पाना फिरवावा.