पाडी का गोऱ्हा

सदाशिव पेठेत पहाटे बाजीराव रस्त्यावर दुधाचे क्रेट टेम्पोतून उतरतात. त्या आवाजानं जागी होणारी आमच्या घरातली ही तिसरी पिढी. दूध कुठून येतं हे पेठेला साधारण ठाऊक असतं. कुणाचं भिलवडीकडून, कुणाचं दौंड-बारामतीकडून, कुणाचं जुन्नर-आंबेगावातून. वासरू कुठे असतं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझी आजी विचारायची. खरवसासाठी चीक घेऊन गवळी दारात आला की पातेलं पुढे करण्याआधी तिचा प्रश्न ठरलेला असे, "वासरू पोटभर प्यालं ना रे?" तो हो म्हणाला की मगच वेलची आणि गूळ बाहेर निघत.

त्या प्रश्नात किती शहाणपण होतं ते मला फार उशिरा कळलं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी रोगप्रतिकारशक्ती मिळते. गाईच्या वासराला ती वारेतून मिळत नाही. ते जवळजवळ कोऱ्या अंगानं जन्माला येतं, आणि पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीक हीच त्याची ढाल. खरवसाच्या वाटीवर पहिला हक्क कुणाचा, हे आजीला पुस्तक न वाचता माहीत होतं.

पण आजीचा प्रश्न जिथे थांबायचा, त्याच्या पुढचा प्रश्न आज गोठ्यात विचारला जातो. गाय व्यायली की शेजारचा पहिल्यांदा विचारतो, "काय झालं, पाडी का गोऱ्हा?" पाडी म्हटलं की चेहरे उजळतात. गोऱ्हा म्हटलं की नुसतंच 'बरं' येतं.

गाय दूध देते ती व्यायल्यावर. म्हणजे दुधाचा धंदा टिकवायचा तर प्रत्येक गाय वर्ष-सव्वा वर्षानं व्यायलीच पाहिजे, आणि निसर्ग निम्मे नर देणारच. गाईचं बछडं जन्मतं साधारण 25-30 किलोचं, आणि त्याला रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे जवळपास तीन लिटर दूध लागतं. दोन महिने पाजलं तर 180 लिटर. लिटरला 30 रुपये धरले तर 5,400 रुपये. त्यानंतर पेंड, कडबा, गोचीड, औषधं. पाडीवर केलेला हा खर्च अडीच-तीन वर्षांनी दुधाच्या रूपात परत येतो. गोऱ्ह्यावरचा येत नाही.

देशी गाईच्या गोठ्यात निदान वासरावाचून अडतं. ते आचळाला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. वासरू गेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करण्याची रीत खेड्यांत होती, ती याचसाठी. संकरित होल्स्टीन गाय वासराशिवाय दूध देते. गवळ्याची सोय झाली, पण गोठ्यात राहण्याचं गोऱ्ह्याचं शेवटचं कारणही त्याबरोबर गेलं.

हा संकरित गोऱ्हा इथे आला कसा, हे सांगायचं तर पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या उरुळी कांचनला जावं लागतं. 1946 मध्ये गांधीजी तिथे निसर्गोपचारासाठी आले. त्यांच्याबरोबरचे मणिभाई देसाई आश्रम सांभाळायला मागे राहिले ते कायमचे. त्यांनी आधी गीर गाई जोपासल्या. 1967 मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि होल्स्टीन, जर्सी वळूंचं गोठवलेलं वीर्य गावठी गाईंपर्यंत पोहोचवलं. गाय दवाखान्यात न्यायची नाही, डॉक्टरच मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून दारात येणार, ही त्यांची योजना. दोन-तीन लिटरवर अडलेल्या गाईंच्या पोटी दहा-पंधरा लिटरच्या कालवडी जन्मल्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मुलांच्या फिया त्या दुधावर भरल्या गेल्या. 1982 मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

त्या कालवडींचे भाऊही जन्मले. त्यांचा विचार तेव्हा कुणी फारसा केला नाही, कारण तेव्हा बैल लागत होते. मग ट्रॅक्टर आला. शिवाय संकरित बैलाला वशिंड जवळजवळ नसतंच. जू मानेवर ठरत नाही, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो धापा टाकतो. माणदेशातल्या खिलार खोंडाची गोष्ट वेगळी. खरसुंडीच्या यात्रेत अजूनही रुमालाखाली बोटं दाबून त्याचा भाव ठरतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यावर धावणाऱ्या खोंडाची किंमत आणखी चढली. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी जन्मलेले दोन गोऱ्हे असतात. एकाच्या शिंगांना बेगड लागतं, दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

दुधासाठी होल्स्टीन पाळणाऱ्या इतर देशांनाही नकोशा गोऱ्ह्याचा हा प्रश्न सुटला नव्हता. ब्रिटनमध्ये अनेक गोठ्यांत होल्स्टीनचे गोऱ्हे जन्मताच मारले जात, आणि त्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला. त्यातून जी वाट निघाली ती आज तिथल्या दूधधंद्याचा कणा आहे. कळपातल्या उत्तम गाईंना बहुतेक पाडीच होईल अशी गोठवलेल्या वीर्याची कांडी भरायची आणि उरलेल्यांना अँगस, हेरफर्ड किंवा बेल्जियन ब्लू अशा मांसाच्या जातीची. त्या दुसऱ्या गाईंची वासरं, नर असोत वा मादी, काही आठवड्यांची झाली की पोसणाऱ्याकडे विकली जातात आणि चांगले पैसे देतात. दूध आणि मांस हे तिथे एकाच गोठ्याचे दोन हिशोब आहेत.

महाराष्ट्रात दुसरा हिशोब मांडताच येत नाही. 1976 च्या कायद्यानं गाय आणि तिचं वासरू यांच्या कत्तलीवर बंदी आणली. बैल आणि वळू मात्र दाखला मिळाल्यास कत्तलखान्यात जाऊ शकत. म्हणजे गोऱ्हा वाढवला तर शेवटी त्याला काहीतरी किंमत होती. 1995 मध्ये विधिमंडळानं मंजूर केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली.

कायद्यामागची श्रद्धा माझ्याही घरात आहे. वसुबारसेला सवत्स गाईची पूजा करताना वासराच्या कपाळालाही कुंकू लावलं जातं. म्हणूनच हे लिहिणं मला भाग आहे. कायद्यानं गोऱ्ह्याचा जीव राखला, त्याच्या वैरणीची तरतूद केली नाही. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. संकरित गाईचा गोऱ्हा त्या ओळीत कुठेच नाही. मग तो जातो कुठे? कुणी पडत्या किमतीत व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवतो. कुणी गोशाळेच्या फाटकाशी बांधून येतो. कुणी रात्री दावं सोडतो. आणि काही ठिकाणी त्याला पुरेसं दूधच मिळत नाही. तो जंताच्या किंवा हगवणीच्या नावाखाली जातो.

2019 च्या पशुगणनेचे आकडे याची साक्ष देतात. देशात गोवंशातल्या माद्या 14.51 कोटी भरल्या. 2012 पेक्षा 18 टक्क्यांनी जास्त. नर साधारण पावणेपाच कोटी, म्हणजे सात वर्षांत 30 टक्क्यांनी कमी. जन्म निम्मे-निम्मे होतात. मधला फरक कुठे गेला, हे कुठल्याच तक्त्यात नाही. शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. पिशवीवरच्या किमतीत आपण पेंडीचे पैसे देतो, डिझेलचे देतो. गोऱ्ह्याचे देत नाही.

आता कांडीविषयी. लिंग निवडलेली रेतमात्रा हे जरा अवजड नाव झालं. गोठ्यात तिला 'पाडीची कांडी' म्हटलं तरी कळतं. पाडी जन्माला घालणारे शुक्राणू आणि गोऱ्हा जन्माला घालणारे शुक्राणू दिसायला सारखेच असतात, पण पाडीच्या शुक्राणूत डीएनए साधारण चार टक्के जास्त असतो. डीएनएला चिकटणारा रंग दिला आणि लेझरच्या झोतातून एकेक शुक्राणू नेला तर पाडीचा किंचित जास्त चमकतो. त्या चमकेवर यंत्र सेकंदाला हजारोंच्या वेगानं निवड करतं. एका पद्धतीत थेंबाला विद्युतभार देऊन तो डावी-उजवीकडे वळवतात, दुसरीत नको असलेला शुक्राणू लेझरनंच निकामी करतात. अमेरिकन कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत लॉरेन्स जॉन्सन यांनी 1980 च्या दशकात या कामाचा पाया घातला. चार टक्क्यांच्या फरकावर एका जिवाचं सगळं आयुष्य तोललेलं असावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आपल्याकडे बाएफच्या उरुळीच्या प्रयोगशाळेत हे काम चालतं. सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या परिसरात, जिथे 1939 मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी डेअरी सुरू केली, तिथे चितळ्यांनी जीनस या ब्रिटिश कंपनीबरोबर या क्षेत्रात पाऊल टाकलं. म्हणजे पेठेत पिशवी विकणारं नाव आणि गोठ्यात कांडी पोहोचवणारं नाव एकच आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीचं तंत्रज्ञान जाहीर झालं, ते कांडीमागे सुमारे 200 रुपये वाचावेत म्हणून.

ते 200 रुपये महत्त्वाचे आहेत. साध्या कांडीत दोन कोटी शुक्राणू असतात, निवडलेल्या कांडीत वीसेक लाख. तेही रंग, लेझर, दाब यांतून गेलेले. त्यामुळे गाय गाभण न राहता उलटण्याची शक्यता जास्त. एक माज चुकला तर एकवीस दिवस वाया, आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या गोठ्याला हे परवडतं. दोन गाईंच्या घराला डॉक्टर स्वतःच सांगतो, पहिलारू, निरोगी कालवड असेल तरच घ्या. शंभरातल्या नव्वद वेळा पाडी होते. दहा गोऱ्हे तरीही होतात, आणि त्यांच्यासाठी अजून कुणी काही ठरवलेलं नाही. तरी आजच्या कायद्यात, आजच्या दुधाच्या भावात, ज्याला जगवता येणार नाही त्याला जन्मालाच न घालणं मला सगळ्यांत कमी क्रूर वाटतं. अनुदान द्यायचंच तर ते याच कांडीवर, आणि दोन गाईंच्या घरापासून सुरू करून द्यावं.

कालवड सकाळी माजावर आलेली असते. संध्याकाळच्या सुमारास मोटरसायकल गोठ्यापुढे थांबते. कॅनचं झाकण उघडलं की उणे 196 अंशांच्या नायट्रोजनचा पांढरा धूर जमिनीवर उतरतो. चिमट्यात धरलेली पाव मिलिलीटरची कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडते, पुसली जाते, गनमध्ये बसते. घरातली बाई कालवडीच्या मानेवर हात फिरवत उभी असते. पाच मिनिटांत काम होतं. डॉक्टर पैसे घेतो, कार्डावर नोंद करतो आणि निघतो. मग ती चुलीपाशी जाऊन कोळसा आणते आणि गव्हाणीवरच्या भिंतीवर, आधीच्या पुसट तारखांच्या खाली, आजपासून 280 दिवसांनंतरची तारीख लिहिते.