ऑनलाइन भूमिकाखेळ
आंतरजालाद्वारे परस्परांशी जोडलेल्या अनेक खेळाडूंनी एकाच काल्पनिक जगात एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळावयाचा संगणकीय खेळ. खेळाडू बाहेर पडला, तरी हे जग सर्व्हरवर चालूच राहते आणि पात्राने मिळविलेली साधनसामग्री व कौशल्ये त्याच्या पुढील प्रवेशापर्यंत टिकून राहतात. बुद्धिबळात प्रत्येक डाव नव्याने मांडला जातो. येथे डाव संपतच नाही. त्यामुळे खेळाडूला पुन्हापुन्हा का यावेसे वाटावे, या प्रश्नाला या खेळांच्या रचनेत मध्यवर्ती स्थान आहे. पात्राची पातळीवाढ, म्हणजे एकेक ‘लेव्हल’ चढत जाणे आणि सर्वत्र संचार करता येईल असे मुक्त विश्व, ही त्याची दोन रूढ उत्तरे होत. ती अपरिहार्य आहेत किंवा काय, याविषयी मतभेद आहेत.

उगम : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या मेजावरील खेळात पातळीवाढीचे मूळ आढळते. शत्रूचा पराभव, धनप्राप्ती इ. गोष्टींबद्दल पात्रास अनुभवगुण मिळत आणि ते ठराविक संख्येस पोहोचले की पात्राची पातळी वाढे. मोजके खेळाडू बरोबरीने वर चढत आणि खेळाचा सूत्रधार त्यांना झेपतील अशी संकटे योजी. त्यामुळे पातळ्यांमुळे सहखेळाडू दुरावण्याचा प्रश्न सहसा उद्‌भवत नसे.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून विकसित केलेल्या ‘मड’ या शब्दमय खेळात गुणांनुसार पदव्या मिळत. ‘विझर्ड’ ही अंतिम पदवी लाभलेल्या खेळाडूस त्या जगावर देखरेख करण्याचे अधिकार प्राप्त होत. म्हणजेच चढणीला निश्चित शेवट होता. उलट जेम्स ॲस्पनेस यांच्या ‘टायनीमड’मध्ये (१९८९) गुण व पातळ्या वगळण्यात आल्या. तेथे खेळाडू गप्पा मारीत व स्वतःच नवनव्या खोल्या रचीत. यावरून हा वाद या खेळांइतकाच जुना असल्याचे दिसते.

पातळीवाढ : हिचे प्रयोजन तिहेरी आहे. नवख्या खेळाडूस नियम क्रमाक्रमाने शिकविता येतात. केलेल्या श्रमाचे दृश्य माप मिळते. आणि कोणत्या प्रदेशात कोणी जावे हे आपोआप ठरते. यांखेरीज तिला आर्थिक बाजूही आहे. ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) व ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) हे खेळ मासिक वर्गणीवर सुरू झाले. अशा खेळात चढण जितकी लांब, तितकी वर्गणीची मुदतही वाढते.

तथापि हजारो खेळाडू निरनिराळ्या वेळी दाखल होतात व प्रत्येकाजवळील फावला वेळ वेगळा असतो. त्यामुळे पातळीच मित्रांमध्ये भिंत उभी करते : विसाव्या पातळीवरील पात्रास पन्नासाव्या पातळीवरील मित्राच्या मोहिमेत काहीच करता येत नाही. शिवाय कमाल पातळी वाढली की जुने प्रदेश ओस पडतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये प्रारंभी ६० असलेली मर्यादा २०१८ पर्यंत १२० वर गेली आणि २०२० मध्ये ती पुन्हा ६० वर आणावी लागली. हा दोष कमी करण्यासाठी ‘सिटी ऑफ हीरोज’मध्ये (२००४) कनिष्ठ पात्रास ज्येष्ठ साथीदाराच्या जवळपासच्या पातळीवर तात्पुरते नेण्याची सोय होती. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये (२०१२) प्राथमिक प्रदेशात गेलेल्या बलिष्ठ पात्राचे बळ त्या प्रदेशाच्या मानाने घटविले जाते. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’नेही २०१६ मध्ये तत्सम पद्धत स्वीकारली. पातळ्या ठेवून त्यांचे परिणाम पुसण्याचे हे उपाय त्यांच्या आवश्यकतेविषयीच शंका निर्माण करतात.

पातळ्यांवाचून चालणाऱ्या खेळांत ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) उल्लेखनीय आहे. त्यात सरावाने कौशल्ये वाढतात. मात्र त्यांच्या एकूण बेरजेवर मूलतः ७०० गुणांची मर्यादा असल्याने प्रत्येकास काही शिकण्यासाठी काही सोडावे लागते. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’चा (२००३) अनुभव याहून बोलका आहे. नर्तक, शिंपी, वैद्य असे नाना व्यवसाय निवडू देणाऱ्या या खेळात २००५ मध्ये लढाऊ पातळ्या आणल्या गेल्या व त्याच वर्षी सर्व व्यवसाय नऊ वर्गांत कोंबण्यात आले. वर्षानुवर्षे जोपासलेली ओळख पुसली गेल्याने अनेक जुने खेळाडू निघून गेले. हा खेळ डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला.

मुक्त विश्व : ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये खेळाडू घरे बांधीत, व्यापार करीत, तसेच एकमेकांस लुटीत व ठारही करीत. निरुपद्रवी खेळाडूंस होणारा जाच इतका वाढला, की २००० मध्ये त्या जगाचे दोन भाग करून एकात अशा हल्ल्यांस बंदी घालावी लागली. ‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) या आइसलँडमधील खेळात ७,००० हून अधिक तारकामंडले आहेत. जहाजे खेळाडूच बांधतात व ती युद्धांत कायमची नष्ट होतात. अंतर, रसद व टेहळणी यांना खराखुरा अर्थ असल्याने येथे मुक्त विश्व हाच खेळाचा गाभा ठरतो. याउलट ‘गिल्ड वॉर्स’मध्ये (२००५) नगरे तेवढी सामाईक होती, वेशीबाहेर प्रत्येक गटासाठी प्रदेशाची स्वतंत्र प्रत निर्माण होई. कमाल पातळीही केवळ २० असल्याने खेळाडूचे यश बव्हंशी कौशल्यांच्या योग्य निवडीवर अवलंबून राही. जेथे प्रवास हा केवळ एका कामगिरीकडून दुसरीकडे जाण्याचा वेळखाऊ सोपस्कार असतो, तेथे मुक्त विश्व देखाव्यापुरतेच उरते.

मूल्यमापन : बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे साध्यार्थी, शोधक, सामाजिक व संहारक असे चार प्रकार मांडले. पातळीवाढ मुख्यतः पहिल्या प्रकारास भावते, तर मुक्त विश्व शोधकांस. म्हणून कोणतेही एकच उत्तर सर्वांस लागू पडत नाही. पातळीवाढीचे मोल अखेर खेळाडूच्या आयुष्यातील वेळाने चुकविले जाते, हेही विसरता येत नाही. या खेळांतील धन व सिद्ध पात्रे खऱ्या पैशांत विकण्याचा व्यवसाय त्यातूनच उदयास आला. अल्पवयीनांच्या खेळण्याच्या वेळेवर शासकीय निर्बंधही आले : दक्षिण कोरियात सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर सहा तास ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा २०११ ते २०२१ या काळात अमलात होता, तर चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी फक्त एकेक तासाची मुभा ठेवली.

सारांश, या खेळांस आवश्यक आहे ते टिकून राहणारे जग आणि त्यात इतरांनी आपल्याला ओळखावे असे काही कारण. पातळी हे अशा ओळखीचे एक सोपे चिन्ह आहे, तर मुक्त विश्व हे तिचे एक संभाव्य स्थळ. चिन्ह व स्थळ बदलूनही खेळ टिकू शकतो. ओळखच नाहीशी झाली, तर मात्र तो टिकणे कठीण होते.