चौदा मिलिग्रॅमची किंमत

तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी मधुमेहाचा रुग्ण असेल, तर इन्सुलिनची बाटली तुम्ही पाहिली असेल. अंगठ्याएवढी काचेची बाटली, वर रबरी बूच आणि आत १० मिलिलिटर द्रव. साताऱ्यात किंवा सांगलीत औषधाच्या दुकानात साध्या मानवी इन्सुलिनची अशी बाटली सुमारे दीडशे रुपयांना मिळते. त्याच दुकानाच्या फ्रिजमध्ये पेनात बसवायच्या ३ मिलिलिटरच्या नळ्याही असतात. त्यांच्या काही प्रकारांना याच्या कितीतरी पट पैसे पडतात. यांत स्वस्त कोणते आणि महाग कोणते, हे ठरवायला थोडे विज्ञान आणि साधे त्रैराशिक पुरेसे आहे.

बाटलीत असते काय?

आपण खाल्लेल्या भाकरीची पचनानंतर साखर होते आणि ती रक्तात मिसळते. रक्तातून ती स्नायूंच्या पेशींत नीट शिरावी म्हणून स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ते तयार होणे जवळजवळ थांबते. हा आजार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी जडतो आणि गोड खाण्यामुळे तो होत नाही. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपण हे मुद्दाम लक्षात ठेवावे. अशा मुलाला इन्सुलिन रोज आणि जन्मभर बाहेरून घ्यावे लागते; त्यावाचून तो जगू शकत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही काही रुग्णांना पुढे त्याची गरज पडते.

इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. आरंभी ते शुद्ध स्वरूपात मिळत नव्हते, तेव्हा तोलणार कसे? म्हणून सशाच्या रक्तातील साखर ठरावीक पातळीपर्यंत उतरवणारी मात्रा हेच माप धरले गेले. आज एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम मानवी इन्सुलिन. बाटलीवर '४० आय.यू. प्रति मि.लि.' असे छापलेले असते. म्हणजे १० मिलिलिटरमध्ये ४०० युनिट, आणि त्यांचे वजन सुमारे १४ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणासुद्धा याहून जड भरतो!

एक डॉलरचा हक्क

मग एवढ्याशा द्रव्याची किंमत कशाची? १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम टोचले गेले. या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देण्यात आले. औषध सर्वांना मिळावे, हा त्यामागचा हेतू होता.

पण शोध फुकट दिला तरी उत्पादन फुकट होत नाही. पूर्वी गुराढोरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून इन्सुलिन काढत. सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी सुमारे दोन टन अवयव लागत. १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले आणि १९८२ साली ते अमेरिकेत विक्रीस आले. भारतात वोखार्ट कंपनीने २००३ साली आपले मानवी इन्सुलिन बाजारात आणले; पाठोपाठ बायोकॉननेही आणले. साधे मानवी इन्सुलिन आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण त्याची कमाल किंमत ठरवून देते. अमेरिकेत असे बंधन नव्हते. तिथे एका नव्या प्रकारच्या इन्सुलिनची बाटली १९९६ साली २१ डॉलरला होती. २०१९ पर्यंत तीच २७५ डॉलरच्या घरात गेली. द्रव्य तेच होते. किंमत तेवढी वाढली.

आता त्रैराशिक

समजा, एका रुग्णाला रोज ४० युनिट लागतात. महिन्याला १२०० युनिट झाले, म्हणजे तीन बाटल्या, ४५० रुपये. पेनातील नळीत १०० आय.यू. प्रति मि.लि. याप्रमाणे ३०० युनिट असतात. महिन्याला चार नळ्या लागतील. एक नळी ६०० रुपयांची धरली तर खर्च २४०० रुपये होतो. नगाची किंमत पाहता नळी चौपट महाग वाटते. पण युनिटमागे बाटलीत साडेसदतीस पैसे पडतात आणि नळीत दोन रुपये, म्हणजे पाचपटीहून जास्त. रोजगार हमी योजनेची महाराष्ट्रातील मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती. त्या हिशेबाने पहिला खर्च दीड दिवसाच्या मजुरीएवढा आणि दुसरा आठ दिवसांच्या.

महाग प्रकार निरुपयोगी असतात असे मात्र नाही. काही लवकर काम करतात, काही दिवसभर पुरतात, आणि काही रुग्णांत रात्री साखर एकदम उतरण्याचा धोका त्यांनी कमी होतो. निवड डॉक्टरांनीच करायची; पण 'स्वस्तातला प्रकार मला चालेल का?' असे विचारण्यात संकोच नसावा.

रक्त तपासण्याची पट्टी या हिशेबात अनेकदा विसरली जाते. पट्टीला १५ रुपये धरले आणि रोज तीन वेळा तपासले, तर महिन्याला १३५० रुपये, म्हणजे बाटलीतल्या इन्सुलिनच्या तिप्पट! म्हणून पुष्कळ घरांत आधी तपासणी कमी होते, मग मात्रा. मात्रा कमी करणे ही बचत नव्हे. त्याची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि कधी प्राणही चुकते करतात. त्याआधी सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

चाळीस की शंभर?

नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने २०२५ साली मानवी इन्सुलिनची पेने भारतात बंद करण्याचे जाहीर केले. बाटल्या चालू ठेवल्या. पेन सोडून बाटलीकडे वळणाऱ्याने आकडे नीट वाचावेत. ४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज लागते. तिचे टोपण लाल असते. १०० च्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये '२०' च्या खुणेपर्यंत भरले, तर ते अर्धा मिलिलिटर होते, म्हणजे ५० युनिट. अडीचपट मात्रा! साखर धोकादायक उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. उलट चूक झाली तर २० ऐवजी आठच युनिट जातील.

माठाचे भौतिकशास्त्र

खराब झालेली बाटली हीच सर्वांत महाग बाटली. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतात. ते गोठले तर टाकूनच द्यावे. वापरातली बाटली साधारण चार आठवडे खोलीत चालते, पण फार उष्णता नको. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात, फ्रिज नसलेल्या घरी काय करावे?

आपला माठ येथे उपयोगी पडतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतली जाते, आणि ती माठातून जाते. कोरड्या हवेत त्यामुळे आतले तापमान काही अंशांनी उतरते. केनियातील एका निर्वासित छावणीतले तापमान प्रयोगशाळेत निर्माण करून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची शक्ती टिकून होती, असे त्यात आढळले.

पण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तशा दिवसांत वीजही जाते आणि माठही फारसा थंडावत नाही. मात्र तेव्हा हवाच उन्हाळ्याइतकी तापलेली नसते. बाटली पाण्यापासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवावी.

करून पाहा

एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवा. मधल्या जागेत वाळू भरून ती ओली करा आणि वर ओले फडके घाला. एक तापमापक आत व एक बाहेर सावलीत ठेवून दर दोन तासांनी नोंद करा. हाच प्रयोग मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत करा. शिक्षकांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावावेत. तुमच्या गावात माठ किती अंश उतरवतो आणि कोणत्या महिन्यांत उतरवत नाही, हे त्यांवरून कळेल. ते आकडे गावातल्या आरोग्य केंद्राला नेऊन दाखवा. फ्रिज नसलेल्या एखाद्या घराच्या ते कामी येतील.