जुनी हायब्रीड गाडी आणि आपली गॅरेजमधली मुले

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण ड्रायव्हर आहेत, गॅरेजात कामाला आहेत. पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणारी जुनी हायब्रीड गाडी, जसे २०१३ पासून भारतात मिळू लागलेली टोयोटा कॅमरी, हाताखाली आली तर काय करावे, हे आम्ही थोडक्यात सांगतो.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. ‘रेडी’चा दिवा लागत नसेल, भलतेच दिवे एकदम लागले, तर मोठी बॅटरी गेली असे समजून घाबरू नये. आधी लहान, १२ व्होल्टची बॅटरी मीटरने तपासावी. गाडी बंद असताना १२ च्या खाली भरली, तर पुष्कळदा दोष तिचाच असतो. मोठ्या बॅटरीला हवा देणारी जाळी बहुधा मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर सामान ठेवू नये, धूळ साचू देऊ नये.

‘रेडी’ असताना इंजिन शांत असले तरी आपोआप सुरू होते. म्हणून बॉनेटमध्ये हात घालण्यापूर्वी गाडी बंद करून चावी दूर ठेवावी. नारिंगी वायरींत २०० व्होल्टांहून अधिक वीज असते. शेठ सांगो की गिऱ्हाईक, प्रशिक्षण आणि विजेचे रबरी हातमोजे नसतील तर त्यांना हात लावू नये.

आयटीआयमध्ये आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पालकांनी मुलामुलींसाठी जवळच्या संस्थेत चौकशी जरूर करावी.