वार्षिक तपासणीचा दिवस

सकाळी ६:३०
विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमानतळावर हँगर उघडतो. आत मी स्वतः बांधलेलं दोन आसनी आरव्ही-७. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची दर १२ महिन्यांनी संपूर्ण तपासणी लागते. बांधणाऱ्याला तिचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणून नोंदवहीत सही माझीच. आजचा स्थानिक दाब लावला की अल्टिमीटर ८१० फूट दाखवतो. धावपट्टीची उंची ८०८. काटा अगदी जागेवर आहे.

७:००
इंजिन थोडा वेळ चालवतो. तेल गरम झालं की तळाचा मळ त्याच्यासोबत निघतो, आणि कॉम्प्रेशनही गरम इंजिनवरच मोजायचं असतं.

८:००
प्लगना ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद आहेत हे दोनदा बघतो. लायकमिंग ओ-३६० इंजिनच्या एकेका सिलिंडरला ८० पीएसआय दाबाची हवा द्यायची आणि त्यातली किती टिकते ते दुसऱ्या गेजवर वाचायचं. शेजारच्या हँगरमधले निवृत्त मेकॅनिक पंखा घट्ट धरतात, कारण हवेच्या जोराने तो फिरला तर हात मोडेल. ७६, ७७, ६८, ७५. तिसऱ्यापाशी कान देतो. एक्झॉस्टमधून आवाज आला तर व्हॉल्व्ह गळतोय, तेल भरायच्या नळीतून आला तर रिंगा. इथे रिंगा. काळजीचं नाही, पण आकडा लिहून ठेवतो. काही तास उडवून पुन्हा मोजायचा.

१०:००
तेलाचा फिल्टर कापून कागदाच्या घड्या उन्हात उलगडतो. चमकणारा कण चुंबकाला चिकटला तर पोलाद झिजतंय. न चिकटणारा बहुधा ॲल्युमिनियमचा. आज कागद स्वच्छ आहे. मग आठ स्पार्क प्लग. खालच्या चौघांत पेट्रोलमधल्या शिशाचे खडे साचतात, ते टोकरून काढतो आणि गॅप मोजतो. शेवटी मॅग्नेटोचं टायमिंग: २५ अंश.

दुपारी १:३०
अल्टिमीटरची कायदेशीर चाचणी मला करता येत नाही. ढगांतून उडायचं तर दर २४ महिन्यांनी परवानाधारक तंत्रज्ञ लागतो. तो अल्टिमीटरला बाहेरचा दाब पोचवणाऱ्या शेपटीकडच्या स्टॅटिक छिद्रांना पंप जोडून १,००० फूट चढल्याइतकी हवा ओढतो आणि पंप बंद करतो. एका मिनिटात काटा १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. तो २०० उतरतो.

पॅनेलमागे एक जोड कंपनांनी सैल झालाय. जमिनीवर आत-बाहेर दाब सारखाच, म्हणून सकाळी काटा बरोबर होता. उडताना कॅबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो; तो या फटीतून शिरला की अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. ढगात उतरताना जमीन वाटते त्यापेक्षा जवळ असते. इंजिन बिघडण्याआधी तापतं, खडखडतं, तेलात कण सोडतं. हा काटा चुकताना काहीच कळवत नाही. त्याला मुद्दाम विचारावं लागतं.

३:००
जोड बदलला, आता घट ३० फूट. मग पायरीपायरीने उंची वाढवत वाचनं: १,००० फुटांवर चुकीची मुभा २० फूट, १०,०००वर ८०. सगळी मर्यादेत.

५:००
इंजिनवरचं काउलिंग चढवून इंजिन चालवतो. तेलाचा दाब ठीक, गळती नाही.

६:००
नोंदवही. ६८ हा आकडा लिहितो, सैल जोडही लिहितो. पुढच्या वर्षी तपासणारा मीच असेन. तरी अनोळखी माणसाला समजेल असंच लिहायचं. पहिलं उड्डाण एकट्याने, दिवसाउजेडी आणि धावपट्टीच्या आवाक्यात. प्रवासी त्यानंतर.