पुढच्या नाताळाचा हिशोब आत्ताच मांडा

गोव्यात तीन राजांचं फेस्त ६ जानेवारीला. त्यानंतर नाताळची सजावट उतरवतानाच वहीत लिहून ठेवा: कुस्वारातलं, म्हणजे नाताळच्या फराळातलं, काय हातोहात संपलं, काय डब्यात पडून राहिलं. आमच्याकडे नेवऱ्या लगेच फस्त होतात, विकतचा केक मात्र उरतो. दोदोल तासन्‌तास घोटत बसावं लागतं, बेबिंकचा एकेक थर वेगळा भाजावा लागतो. दोन्ही एकाच घराने कशाला करायचं? शेजारणींनी वाटून घ्या, नाहीतरी कोन्सुआदची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं घरोघर फिरतातच! कुलकुलं टिकतात, म्हणून ती आगमनकाळातच, नाताळाआधीच्या आठवड्यांत, पोरांना घेऊन काट्याच्या पाठीवर वळून ठेवा. नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती कागदात नीट गुंडाळा, दरवर्षी नव्या नकोत. आणि २४ डिसेंबरची संध्याकाळ मोकळी ठेवा. रात्रीच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, दमून जाऊ नका.